खिशात वाजला तर चालतो

मोबाइल माझ्या खिशात वाजत होता तोपर्यंत पेट्रोल पंपावरील एकाही माणसाची त्याला हरकत नव्हती, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. तो चांगला अर्धा मिनिट वाजला. मला कर्जाची नितांत गरज आहे असा कोणा अनोळखी बाईंचा समज झालेला आहे आणि तो दूर करण्याचे माझे आजवरचे सर्व प्रयत्न फसलेले आहेत. शेवटी आवाज बंद करावा म्हणून मी फोन बाहेर काढला आणि त्याच क्षणी शेजारच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी "थांबा!" अशी काही आरोळी ठोकली की, माझ्या गाडीच्या टाकीत नोझल घालत असलेला मुलगा दचकला, त्याची बोटे खटक्यावर आवळली गेली आणि ओंजळभर पेट्रोल गाडीच्या पत्र्यावरून ओघळत माझ्या उजव्या बुटात उतरले.

या घटनेला आज चार दिवस झाले. बूट अजून खिडकीबाहेर आहे. त्या दिवशी मी पेटण्याच्या जवळपास कधी गेलो असेन, तर तो त्या आरोळीमुळे. परंतु जमलेली सर्व माणसे माझ्या बुटाकडे नव्हे, तर माझ्या हातातील फोनकडे पाहत होती. मुद्देमालासह सापडलेल्या चोराकडे पाहावे तशी.

गृहस्थ साठीच्या आगेमागे होते. अंगात नायलॉनचे चकाकते जाकीट, हात हलवला की खसखसणारे, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत कॉपी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाचे समाधान.

"बोर्ड वाचता येतो ना?" त्यांनी विचारले.

"मी फोन बंदच करत होतो," मी म्हणालो.

"बंद करण्यासाठी हातात घेतलात की नाही?"

हे खरे होते. फोन हातात न घेता तो बंद कसा करावा, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. त्याऐवजी ते आपली गाडी, आणि तिच्यात चाललेले पेट्रोल, तसेच सोडून माझ्यापाशी आले आणि आकाशाकडे बोट करून म्हणाले, "मोबाइल वाजतो म्हणजे काय होते, ठाऊक आहे का? वरून लहर येते. ती आधी इथल्या वाफेतून जाते आणि मग तुमच्या फोनमध्ये शिरते."

"पण फोन खिशात असतानाही ती येतच होती."

"खिशात कापड असते."

मी काही वेळ कापडाचा विचार केला. वास्तविक फोनमधून निघणाऱ्या लहरींची ताकद मोजली, तर जुन्या पद्धतीचा जीएसएम फोनसुद्धा फार झाले तर दोन वॅटपर्यंत जातो, आणि तेवढ्या लहरींनी मोकळ्या हवेत ठिणगी पडत नाही; पण हे पेट्रोलने भिजलेल्या बुटात उभे राहून सांगणे अवघड असते. म्हणून मी तडजोडीच्या सुरात म्हणालो की, यापुढे मी पंपावर येताना फोन व्हायब्रेटवर ठेवीन.

"ते तर अधिकच वाईट," गृहस्थ म्हणाले. "वाफ ढवळली जाते."

येथे मी गप्प बसायला हवे होते. परंतु मनुष्याला आपण वाचलेले कुठेतरी वापरावेसे वाटते. मी त्यांना सांगितले की, इंग्लंडमधील केंट विद्यापीठातील ॲडम बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने याच विषयाचा पाठपुरावा केलेला आहे. १९९३ ते २००४ या अकरा वर्षांत जगभरातील पेट्रोल पंपांवर लागलेल्या आणि मोबाइलच्या नावावर जमा झालेल्या २४३ आगी त्याने तपासल्या, आणि –

"पाहा!" गृहस्थ नोझलवाल्या मुलाकडे वळून म्हणाले. "दोनशे त्रेचाळीस!"

"अहो, त्यांतील एकही मोबाइलने लागलेली निघाली नाही, असे मी सांगतो आहे."

"पण लागल्या ना?"

"लागल्या, पण –"

"दोनशे त्रेचाळीस ठिकाणी लागल्या, आणि हे आपले फोन काढून उभे आहेत."

एव्हाना मागच्या रांगेतील एका स्कूटरस्वारापर्यंत तो आकडा पोहोचला होता. मागे बसलेल्या मुलाला तो हलक्या आवाजात "अडीचशे जण गेले" असे सांगत असल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. अफवा कशी जन्मते हे पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो, आणि तिला जन्म देण्याचा तर त्याहून थोड्यांना. १९९९ च्या सुमारास पंपावर मोबाइलने लागलेल्या आगींच्या कथा ईमेलमधून जगभर फिरू लागल्या, तेव्हा त्यांच्याही मुळाशी माझ्यासारखाच एखादा खुलासा करू पाहणारा माणूस उभा असावा असे मला आता वाटते.

मी वाक्य पूर्ण करण्याचा आणखी एक प्रयत्न केला. त्यावर गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटले आणि त्या दिवसातील एकमेव असे वाक्य उच्चारले की, ज्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. "मोबाइलने आग लागलेली नाही," ते म्हणाले, "कारण आमच्यासारखी माणसे तुमच्यासारख्यांना वेळीच थांबवतात."

यानंतर त्यांनी मला बोर्ड वाचून दाखवण्याचे ठरवले. त्यासाठी चष्मा हवा होता आणि तो गाडीत होता. ते गेले, दार उघडून मखमली आवरणाच्या आसनावर बसले, घसरत पलीकडे जाऊन चष्मा शोधला, घसरत परत आले आणि उतरले. उतरताना गाडीच्या दाराला हात लागताच त्यांनी "स्स!" केले आणि बोटे झटकली.

"काय झाले?" मी विचारले.

"काही नाही. या गाडीला जरा करंट मारायची खोड आहे. हवा कोरडी असली की फारच."

त्यांच्या टाकीतील नोझल अद्याप चालूच होते.

आता पेट्रोल पेटते कसे, हे येथे सांगणे भाग आहे. कारण त्यावाचून माझ्या अंगावर त्या क्षणी जो काटा आला तो वाचकांच्या अंगावर येणार नाही. उणे ४० अंश सेल्सिअस तापमानालासुद्धा पेट्रोलमधून पेटण्याजोगी वाफ निघत असते. टाकीत जितके लिटर पेट्रोल शिरते, साधारण तितकेच लिटर वाफाळ हवा तोंडातून बाहेर ढकलली जाते, आणि ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता तेथेच खाली रेंगाळते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले तरच ती पेटते. कमी असले तर नाही आणि जास्त असले तरी नाही. हे नेमके प्रमाण जमून येण्याची जागा म्हणजे टाकीच्या तोंडाचा परिसर, जेथे भरणाऱ्याचा हात जातो. तेथे पुरेशी ठिणगी एक मिलिज्यूलच्या सुमारे चौथ्या हिश्श्याची. एक ग्रॅमची वस्तू अडीच सेंटिमीटर उचलायला लागते तेवढ्या ऊर्जेची. उलट नायलॉनचे जाकीट मखमलीवर घासले की अंगावर वीज साठते, आणि तिचा झटका आपल्याला जाणवू लागतो तोच मुळी तीन हजार व्होल्टच्या आसपास. म्हणजे ज्या झटक्याने माणूस "स्स" करतो, त्यात वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा असतेच असते.

थोडक्यात, पंपावर त्या वेळी एक धोकादायक वस्तू खरोखरच होती आणि ती मला बोर्ड वाचून दाखवत होती.

हे मी त्यांना सांगितले. शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरील अशा स्थिर विजेच्या दीडशेहून अधिक आगींच्या नोंदी गोळा केल्या आहेत, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी माणूस पेट्रोल भरणे चालू असताना गाडीत जाऊन बसला होता आणि उतरून त्याने पुन्हा नोझलला हात घातला होता, असे म्हणालो. या वेळी मी एकूण आकडा मुद्दामच मोघम ठेवला. गृहस्थांनी ऐकून घेतले, माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, "करंट तर अंगातल्या उष्णतेमुळे मारतो. त्याला कोण काय करणार? मोबाइल मात्र बाजूला ठेवता येतो."

आणि ते पुन्हा गाडीत गेले. या खेपेस त्यांना आपल्या मोबाइलची माहितीपुस्तिका आणायची होती. विकत घेतलेल्या प्रत्येक यंत्राची पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवणाऱ्या जातीचे ते होते. आसनावरून पुन्हा ते घसरणे, ती खसखस, ते "स्स". मी नकळत दोन पावले मागे सरलो. माझा हा माघार घेण्याचा प्रकार त्यांना शरणागतीसारखा वाटला असावा. कारण पुस्तिकेतील ओळ त्यांनी विजयी स्वरात वाचली. इंधन भरण्याच्या ठिकाणी लावलेल्या सूचनांचे पालन करावे, असे तीत म्हटले होते.

"आणि ही सूचना का लावली आहे?" मी नोझलवाल्या मुलाला विचारले.

"मोबाइलच्या कंपन्याच सांगतात ना, साहेब," तो म्हणाला.

यावर हसावे असे मला त्या वेळी वाटले. आता वाटत नाही. पुस्तिका बोर्डाकडे बोट दाखवते, बोर्ड पुस्तिकेकडे, आणि दोघांच्या मध्ये कोणी तपासून पाहिले होते काय, हे विचारणारा माणूस उद्धट ठरतो. खरे तर तपासलेले आहे. मार्च २००३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने नेमक्या याच प्रश्नावर तज्ज्ञांची बैठक भरवली आणि मोबाइलने पेट्रोलची वाफ पेटण्याचा धोका नगण्य आहे असा तिचा सूर निघाला. पुढच्याच वर्षी, मे २००४ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील न्यू पाल्ट्झ येथे पेट्रोल भरताना एका तरुणाचा फोन वाजला आणि भडका उडाला. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने आधी फोनला दोषी ठरवले आणि अधिक तपासानंतर, ठिणगीचे कारण फोन नव्हे तर दुसरे काही असावे, असे स्वतःच जाहीर केले. त्याची पहिली बातमी जगभर गेली. दुसरी आमच्या गृहस्थांपर्यंत वीस वर्षांनंतरही पोहोचलेली नाही.

फोन निर्दोषच आहे असा माझा हट्ट नाही. तो स्फोटक वाफेत वापरण्यासाठी बनवलेला नसतो. तशा कामाचे फोन वेगळे मिळतात. हातून पडून त्याची बॅटरी निसटली तर काय, ही शंकासुद्धा कागदावर टिकते. परंतु मग गाडीच्या स्टार्टरचे काय, जो शेकडो अँपिअर ओढतो? धुराड्याच्या नळीत बसवलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या त्या कन्व्हर्टरचे काय, जो चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो? ही सगळी मंडळी पंपावर राजरोस येतात. बोर्डावर लाल रेघ मारलेले चित्र मात्र फोनचे असते, आणि "नोझलला हात लावण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा", "भरणे संपेपर्यंत गाडीत परत बसू नका", "आग लागलीच तर नोझल टाकीतून ओढून काढू नका, आहे तसे सोडून मागे सरा" या तीन गोष्टी, ज्यांनी खरोखर कोणाचा तरी जीव वाचेल, त्या त्या बोर्डावर नव्हत्या. मी शोधल्या. पंपावरची शिस्त म्हणजे फोन हातात धरणाऱ्यावर ओरडणे, एवढीच आता उरलेली आहे, आणि ती पाळायला सोपी आहे, कारण तीत ओरडणाऱ्याला स्वतः काहीच करावे लागत नाही.

यानंतर त्या मुलाने मला पैसे मोबाइलवरून देणार का, असे विचारले. या प्रकाराविषयी मी काहीही बोलणार नाही. तो विनोद आता इतका जुना झाला आहे की, पंपावरील कोणीही, मीसुद्धा, हसले नाही. मी मुकाट्याने फोन काढला, पैसे भरले, आणि गृहस्थ मान डोलावून म्हणाले, "कामापुरता चालतो."

घरी येईपर्यंत गाडीत पेट्रोलचा उग्र वास येत होता. मी बुटाला शिव्या घातल्या आणि तो खिडकीबाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशीही गाडीत वास होता. मी पायपुसणे धुतले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पायपुसणे आणि बूट दोन्ही घरी असताना वास वाढला, तेव्हा मी गाडीला प्रदक्षिणा घातली. टाकीचे झाकण नव्हते. त्याला बांधलेली दोरी केव्हाच तुटलेली असल्यामुळे ते पंपावरच राहिले होते, आणि दोन दिवस मी उघडी टाकी घेऊन, एकूण चार वेळा सुरू करून, ती गाडी हाकत होतो.

मी फोन घरी ठेवून पंपावर गेलो. त्या मुलाने खण उघडून झाकण काढून दिले. त्याने ते पुसूनही ठेवले होते.

"मशीनवरच राहिले होते, साहेब," तो म्हणाला. "ते काका तेव्हाच म्हणाले होते, हा माणूस झाकण विसरून जाणार म्हणून. मोबाइलवाल्यांचे लक्षच नसते."