‘लपवायचं नसेल तर भीती काहून?’ या मेसेजला उत्तर

सध्या आमच्याकडच्या सगळ्याच व्हॉट्सॅप ग्रुपवर, कास्तकारांच्या, बचत गटाच्या, शाळेतल्या पालकांच्या, एकच मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलं आहे की ज्याच्या मनात पाप नाही त्यानं आधार, अंगठा, मोबाइल नंबर द्यायला भ्यायचं कारण नाही. सरकारनं सक्ती केली म्हणजे ते कायदेशीरच असणार. माहिती फुटली तर नवीन कायद्यात कंपनीला 250 कोटींचा दंड आहे. आणि इतकं असूनही कोणाचे पैसे गेले तर चूक त्याचीच, ओटीपी दिला असेल. शिकलेले लोकही हा मेसेज पुढे पाठवतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो, कारण यानं खरंच माणसं नागवली जातात.

‘लपवायचं काही नाही तर भीती कशाची’

लपवायचं खरंच काही नाही राजेहो. कोणाचं वावर किती, सोसायटीचं कर्ज किती, हे गावाला पाठ असते. पण अंगठ्यानं पैसे निघतात, मुद्दा तिथं आहे. एनपीसीआय म्हणजे देशातले बँक व्यवहार जोडणारी संस्था, तिची एईपीएस नावाची आधारवर पैसे काढायची पद्धत आहे, गावात छोटी मशीन घेऊन बसणारा बँक मित्र पैसे देतो ती तीच. तिला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी 10 हजारांपर्यंत रक्कम निघते, आणि खात्याला आधार जोडलं की बहुतेक वेळा ही सोय आपोआप चालू असते, आपण वेगळा अर्ज करून मागितलेली नसते.

आता ठसा कुठं कुठं देऊन ठेवला आहे ते आठवा. जमिनीच्या खरेदीखतावर तर तो असतोच. हरियाणा, कर्नाटक, बंगालमधल्या पोलिसांनी ज्या टोळ्या पकडल्या त्यांनी खरेदीखताच्या, जमिनीच्या कागदांवरूनच ठसे उचलून नकली अंगठे बनवले होते आणि लोकांची खाती साफ केली होती. 2023 मध्ये यूआयडीएआयला, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेला, ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासायची नवी पद्धत आणावी लागली, ती काही उगाच नाही आणली. त्या लोकांनी तरी काय लपवलं होतं? वावर विकत घेतलं, एवढंच.

नकली अंगठा लांबची गोष्ट वाटत असेल तर कापूस वेचणीच्या दिवसात गावातलं पाहा. बोंडाच्या टोकांनी मावशीची बोटं चिरलेली, रेषा घासून गेलेल्या. ती अंगठा ठेवते, मशीनवाला पोट्टा म्हणतो “नाही घेऊन राहिलं, पुन्हा ठेव मावशी,” ती पदरानं अंगठा पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरं बोट, मग दुसरा हात, आणि यातल्या कोणत्या वेळी खरंच फेल झालं अन् कोणत्या वेळी पैसे निघाले हे तिला समजायचा रस्ता म्हणजे पावती नाही तर एसएमएस, पण पावतीचा कागद संपलेला असतो आणि खात्याला नंबर जोडलेला असतो पोराचा, तो पुण्याला कामाला. आमच्या भागात एका बाईला असंच पासबुक छापल्यावर कळलं, तोवर दोन महिने होऊन गेले होते. तिनं कोणाला ओटीपी दिला नव्हता, तिच्याकडे साधा फोनसुद्धा नाही.

आधारच्या सरकारी ॲपवर किंवा यूआयडीएआयच्या वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करता येते, त्यानं ठसा चालणं बंद होते. ते जरूर करा. पण रेशनला अंगठा लागतो तेव्हा आधी उघडावं लागते, म्हणजे ज्याच्याकडे फोन आहे त्यालाच हा उपाय, मावशीला नाही.

‘सक्ती केली म्हणजे कायदेशीरच’

नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 26 सप्टेंबर 2018 ला त्याच कोर्टानं आधार कायदा टिकवला हे खरं, सरकारी अनुदानासाठी आधार मागता येते, पण मोबाइल सिमला आणि बँक खात्याला आधार जोडायची सक्ती रद्द केली, शाळेच्या प्रवेशालाही ते बंधनकारक नाही म्हणाले. आणि ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याचा लाभ बंद करायचा नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून रेशन दुकानात “थम नाही घेऊन राहिलं, पुढच्या महिन्यात ये” असं ऐकवलं की परत फिरू नका, दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य मागा, नाही दिलं तर तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीचं काहीच होत नाही.

‘कंपनीला 250 कोटी दंड आहे’

हा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे, कारण आकडा खरा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात हयगय केली तर 250 कोटींपर्यंत दंड ठेवला आहे. पण तो जातो सरकारच्या तिजोरीत, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक रुपया नाही. उलट आयटी कायद्याच्या 43ए कलमात कंपनीकडून नुकसानभरपाई मागायची जी सोय होती ती या कायद्यानं काढून टाकायचं ठरलं आहे. नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून 18 महिने. खोटी किंवा फालतू तक्रार ठरली तर आपल्यालाच 10 हजारांपर्यंत दंड, तोही याच कायद्यात. सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून यातून सूट देऊ शकते.

मेसेजवाले जे सांगत नाहीत ते हे की याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं, वैयक्तिक माहिती नाकारण्याबद्दलचं 8(1)(जे) कलम बदललं आणि तो बदल मात्र लगेच लागू झाला. आधी सार्वजनिक हिताचा मुद्दा त्या कलमातच होता, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांवर नकार देता येतो. घरकुलाची यादी, रोजगार हमीचं मस्टर, पीक नुकसानीचे पैसे कोणाच्या नावावर उचलले, हे गावातली पोरं माहिती अधिकारातूनच बाहेर काढत होती ना? आपला अंगठा सगळ्यांना मोकळा आणि सरकारचे कागद बंद, हे मला अजिबात पटत नाही. माहिती अधिकाराचं 8(2) कलम अजून शाबूत आहे, सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती द्यावी लागते असं त्यात आहे, अर्जात त्याचा उल्लेख करत जा.

‘पैसे गेले तर चूक आपलीच’

रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच नियम घालून दिला आहे. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि बँकेकडून त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला सांगितलं, तर नुकसानीचा एक रुपयाही ग्राहकावर टाकायचा नाही. चूक बँकेची असेल तर दिवसांची अटही नाही. आणि ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, मावशीवर नाही. शाखेतला साहेब “तुम्हीच अंगठा दिला असन” म्हणतो तेव्हा त्याला हेच विचारायचं, लेखी द्या म्हणायचं.

पैसे गेले की आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मग लगेच शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, तिला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिली तरी चालते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज गावातल्या बारावी झालेल्या कोणत्याही पोट्ट्यानं लिहून द्यावा.