लिगामेंट, लेप आणि २१ दिवस

जळगाव-धुळ्याकडच्या कबड्डीच्या आणि पोलीस भरतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तरी ऑपरेशन करू नका; जाणत्याकडून ओढून बसवा, २१ दिवस मालिश आणि लेप करा, गुडघा पहिल्यासारखा होतो. डॉक्टर मांडीची शीर कापून गुडघ्यात घालतात, त्यानं पाय जन्माचा अधू होतो. ऑपरेशन झालेला खेळाडू पुन्हा मैदानात दिसत नाही. टाचेची नस तुटली तरी हाच लेप चालतो. खाली लेपाचा भाव आणि फोन नंबर आहेच.

आधी ते 'ओढून बसवणं' बघू. निखळलेला खांदा बसवता येतो, कारण हाड जागेवरून सरकलेलं असतं. मेसेजमधलं 'लिगामेंट' म्हणजे बहुधा एसीएल, गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरका बांधणारा पट्टा. तो तुटला तर बसवायचं काय? उलट ताज्या दुखापतीत पाय ओढला-पिळला तर शेजारची, दोन हाडांमधली गादीही फाटू शकते. आणि तेल कातडीवर राहतं, सांध्यात उतरत नाही.

२१ दिवसांचा आकडा मात्र हुशारीनं निवडलाय. लेप लावा की लावू नका, गुडघ्यात साचलेलं रक्त आणि सूज बऱ्याच जणांत तीन-चार आठवड्यांत ओसरते. पोरगा चालतो, सरळ रेषेत पळूही लागतो आणि श्रेय लेपाला जातं. पण सरळ धावताना एसीएलची परीक्षा होतच नाही. ती होते कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पाय रोवून गर्रकन वळतो तेव्हा, किंवा कुस्तीत पाय मातीत रुतून अंग फिरतं तेव्हा. तिथं गुडघा सटकतो, आणि दर वेळी सटकताना गादी थोडी थोडी झिजते, फाटते. पहिल्या दुखापतीपेक्षा ही नंतरची नासाडी मला जास्त खटकते, कारण ती टाळता आली असती.

'ऑपरेशनची गरज नाही' यात मात्र अर्धं खरं आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनीही व्यायामवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांवर ऑपरेशनची वेळ आली नव्हती. पण त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने मांडीची ताकद कमावली होती, लेप लावला नव्हता. म्हणून एकच दुखापत झालेल्या दोघांना दोन सल्ले मिळू शकतात. पोलीस भरतीतल्या १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढ्यासाठी तयारी करणाऱ्याचा गुडघा व्यायामानं स्थिर झाला, तर तो कदाचित ऑपरेशनशिवाय निभावेल. कबड्डीच खेळायची असेल तर बहुधा नाही.

आता 'शीर कापतात'. जे काढतात ती ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. गुडघ्यामागच्या आतल्या बाजूचे एक-दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, घेऊन त्यांचा नवा पट्टा बनवतात. गुडघा पूर्ण वाकवून जोर लावताना थोडी ताकद कमी राहू शकते, हे खरं. पाय अधू होत नाही. दुसरा पर्याय वाटीखालच्या टेंडनचा, पण त्यात पुढं गुडघे टेकताना दुखू शकतं. पहिलवानानं हा प्रश्न सर्जनला ऑपरेशनआधीच विचारावा.

'पुन्हा मैदानात दिसत नाही' म्हणणाऱ्यांनी विनेश फोगाट आठवावी. २०१६ ला रिओत गुडघा गेला, ऑपरेशन झालं, २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२३ ला पुन्हा एसीएलचं ऑपरेशन, २०२४ ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत. (तिथं वजनानं घात केला, गुडघ्यानं नाही.) अर्थात एका विनेशवरून सगळ्यांचं ठरत नाही. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ८१ टक्के रुग्ण कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, पण स्पर्धेच्या पातळीवर ५५ टक्केच.

जे परतून पुन्हा पडतात, त्यांच्यात घाई हे मोठं कारण. नवा पट्टा साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यात नाजूक असतो, कारण शरीर तो आतून नव्यानं विणत असतं. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि दोस्त म्हणतात, 'चल भो, एक मॅच.' २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं घटत गेला. नऊ महिने झाले तरी मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के नसेल, तर आणखी थांबावं. चोपड्याहून किंवा शहाद्याहून आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जाणं जमत नसेल, तर तसं स्पष्ट सांगून घरी करायचा व्यायाम लिहून घ्यावा.

राहिली टाचेची नस; तोही टेंडनच. तिचं ऑपरेशन काही वेळा खरंच टाळता येतं, पण त्यासाठी पाऊल खाली झुकवून ठेवणारा बूट किंवा प्लास्टर लवकर लागतं. वाटीखालचा टेंडन पूर्ण तुटला तर तीही सवलत नाही. झोपून पाय सरळ ठेवून वर उचलताच येत नसेल, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. असे २१ दिवस लेपात गेले की आखडलेला टेंडन ओढून जागेवर शिवणं फार अवघड होऊन बसतं.