बाटलीला ऊन लागतं

गाडीला नायट्रस, म्हणजे थोडा वेळ इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या वायूची बाटली, बसवायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, हे लावल्यावर एव्हरेज किती देईन?" एव्हरेज सेकंदांत मोजायचं असतं, हे उत्तर कुणालाच पटत नाही. साडेचार किलोची बाटली ५० अश्वशक्ती वाढवणाऱ्या जेटवर, म्हणजे वायू मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तेवढ्यात टपरीवरचा चहाही उकळून होत नाही.

दुसरा घोळ 'गॅस' या शब्दाचा. गॅस म्हणजे एक तर स्वयंपाकाचा, नाही तर सीएनजी. त्यामुळे नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही म्हटलं की समोरचं पोट्टं आपण त्याचे पैसे बुडवल्यासारखं बघतं. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, यात ३६. इंजिनाच्या आत ३०० अंशांच्या आसपास हा वायू फुटतो, ऑक्सिजन सुटा होतो आणि एरवी मावलं नसतं एवढं पेट्रोल जाळता येतं. ताकद पेट्रोलचीच. शंकरपटात पळतात ते बैल. नायट्रस म्हणजे मागून आरोळी ठोकणारा. आरोळी मोठी आणि बैल उपाशी, असं झालं की पिस्टनला भोक पडतं.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जुनी मारुती ८०० असते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाल्या गाडीला जेमतेम ३७ घोडे. तिला ५० चं जेट लावा म्हणणं म्हणजे गोऱ्ह्याला ट्रॅक्टरचा नांगर जुंपणं. सगळ्यात लहान जेट, तेही निमूटपणे. आणि 'वेट' किटच घ्यायचं, म्हणजे नायट्रसच्या सोबतीला त्याच्या वाट्याचं पेट्रोलही वेगळ्या नळीतून जातं. पण त्या गाडीचा मूळ पेट्रोल पंप इंजिनाच्या जोरावर चालणारा, त्याचा दाब किटच्या गरजेपेक्षा कमी. वेगळा इलेक्ट्रिक पंप आणि दाबाचा मीटर लावला नाही तर ऐन वेळी पेट्रोल कमी पडतं, मिश्रण कोरडं होतं. मग आधी प्लगचं टोक वितळतं, मागोमाग पिस्टन. म्हणून दर खेपेनंतर प्लग काढून पाहायचे. टोक पांढरंफट्ट आणि पोर्सेलीनवर चमकणारे बारीक ठिपके दिसले, तर ती चमक पिस्टनच्या ॲल्युमिनियमची. आनंद मानू नये.

बसवणं तसं अवघड नाही, सवयी अवघड आहेत. आमच्या मेकॅनिकला आटा दिसला की हात टेफलॉन टेपकडे जातो. नायट्रसच्या फ्लेअर जोडांना टेप अजिबात नको. तिथे धातूवर धातू बसून जोड बंद होतो. टेपचा एक तुकडा सुटला की सरळ सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर उघडमिट होणाऱ्या झडपेत, जाऊन बसतो, ती पूर्ण मिटत नाही आणि गॅस गुपचूप इंजिनात झिरपत राहतो. ग्रीस, ऑइलचे हातही या जोडांना लावू नयेत. दुसरी सवय हॉर्नच्या वायरची. गावात फोकस, म्युझिक, देवाचा दिवा, सगळं हॉर्नच्या वायरवर चालतं. सोलेनॉइड चांगलेच अँपिअर ओढतात, त्यांना स्वतंत्र फ्यूज आणि ३० अँपिअरचा रिले हवा. मुख्य स्विच वेगळा, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच लागेल असा दुसरा बारका स्विच कार्बोरेटरच्या दांडीपाशी. इंजिन ३००० फेऱ्यांच्या खाली असताना गॅस सोडायचा नाही. बंद गाडीत 'जरा आवाज ऐकू' म्हणून बटण तर मुळीच दाबू नये. आत पेट्रोल आणि नायट्रस साचून बसतात, आणि सेल्फ मारला की एअर क्लीनरचं झाकण शेजारच्या धुऱ्यावर शोधावं लागतं.

ठिणगीचं टायमिंग दर ५० अश्वशक्तीला साधारण २ डिग्री मागे, प्लग एका नंबरने थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, गॅप थोडा कमी. एवढं झालं की किटवाल्याची पुस्तिका संपते. आमची पंचाईत तिथून सुरू होते, कारण ती पुस्तिका थंडीच्या देशात लिहिलेली असते. तिच्यात बाटली गरम करायच्या हीटरवर पानं आहेत. बाटली थंड कशी ठेवायची यावर ओळ नाही.

बाटलीत नायट्रस द्रव असतो, स्वतःच्या वाफेच्या दाबाखाली. २० अंशांना हा दाब साधारण ७३५ पीएसआय (हे दाबाचं माप), ३० ला ९१५ च्या आसपास. जेटांचा हिशोब ९०० ते ९५० धरून केलेला. त्याच्या वर गेलं की नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे पुन्हा बैल उपाशी. आणि ३६.४ अंशांना हा खेळच संपतो. त्यापुढे कितीही दाबा, द्रव म्हणून काही उरत नाही. आता सांगा, आमच्याकडे ३६.४ च्या खाली पारा एप्रिल-मे महिन्यांत असतो तरी किती वाजता? मेच्या दुपारी चंद्रपूर ४५ ला, आणि उन्हात बंद उभी गाडी ६० च्याही पुढे. बाटलीच्या झडपेवर एक सुरक्षा चकती असते. दाब ३००० पीएसआयच्या आसपास गेला की ती फुटते आणि सगळा माल डिक्कीत. म्हणून चकतीपासून गाडीच्या बाहेर नळी काढणं सक्तीचं समजावं. हसवणारा वायू खरा, पण बंद काचांच्या गाडीत तो श्वासाची जागा घेतो. तिथे हसायला कोणी उरत नाही.

इलाज म्हणजे ओलं गोणपाट. मेची हवा कोरडी असते, म्हणूनच आपला कूलर चालतो. त्याच न्यायाने सावलीत गोणपाट गुंडाळून पाणी शिंपडत राहिलं की बाटली पंचविशीच्या आसपास येते. दाब ८०० च्या थोडा वर. कमी आहे, पण कमी म्हणजे नायट्रसच्या मानाने पेट्रोल जास्त, मिश्रण ओलं, आणि ओल्याने इंजिन जळत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र १० अंशांना ५८० वर काटा, तेव्हा हीटर लागतो. बरोब्बर ९१५ मिळतो तो जुलैत. तेव्हा पांदणीत काळ्या मातीचा एवढा चिखल असतो की आहे त्या ३७ घोड्यांनाच पाय टेकत नाहीत.

समृद्धीवर नेऊ म्हणतील, तर तिथे मर्यादा १२० ची. मुळात सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी चालवण्याआड मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं, आणि दाबाच्या सिलिंडरांना मान्यता देणारं केंद्रीय खातं आपल्या नागपुरातच बसतं. बंद मैदान शोधावं, हे उत्तम.

बाटलीत किती शिल्लक आहे हे मीटर सांगत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा तिथल्या तिथेच राहतो, मग धाडकन पडतो. वजनच करावं लागतं. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्यावर ठोकलेलं असतं, ते वजा करायचं. वजनकाटा सापडतो तो किराण्याच्या दुकानात. दुकानदार गोणपाटातून डोकं काढणारी ती निळी बाटली काट्यावर ठेवतो, आकडा वाचतो आणि गोणपाट कशाला म्हणून विचारतो. ऊन लागतं तिला, असं सांगितलं की शेजारच्या ढिगातून एक कांदा काढून पुढे करतो. "मंग हा बी ठेवा जवळ."