आयात बंद केली की नोकऱ्या वाढतात? हिशेब इतका सरळ नाही

‘जेवढा माल बाहेरून येतो तेवढे रोजगार देशाबाहेर जातात, आयात बंद करा, सगळे परत येतील’ असा संदेश सध्या फिरतोय. हे अर्धसत्य आहे.

बांगलादेशात शिवलेला शर्ट घ्या. शिलाई तिथली, पण कापूस जवळपास सगळा बाहेरचा. कापड, चेन, शिवणयंत्रं यांतलंही बरंच आयात केलेलं. हे सगळं बंदरातच अडवलं तर आधी बंद पडेल ती शिलाईच. आणि तयार कपडे म्हणजे त्या देशाच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून मोठा हिस्सा. लाखो कामगारांचं, त्यातही बायकांचं, पोट त्यावर आहे. २००५ मध्ये जागतिक कापड-कोटा, म्हणजे कोणत्या देशाने किती कपडे निर्यात करायचे याची ठरवून दिलेली मर्यादा, संपला तेव्हा हा धंदा बुडणार, असं अनेकांनी ठामपणे सांगितलं होतं. झालं उलटंच.

पण ‘खुल्या व्यापारात सगळ्यांचंच भलं’ हेही खरं नाही. ब्राझीलने १९९०च्या सुमारास आयातशुल्क झपाट्याने उतरवलं. ज्या भागांतल्या उद्योगांचं संरक्षण जास्त गेलं, तिथल्या पक्क्या नोकऱ्या घटल्या आणि पंधरा-वीस वर्षांनीही भरून आल्या नाहीत. काम गेलेला माणूस नव्या कारखान्याच्या गावी जातो, हे कागदावर. ब्राझीलमध्ये प्रत्यक्षात बरेच जण कच्च्या, बिनकरारी कामाकडे वळले.