धून कुणाकडे आहे?

पुण्याला फोन केला की हल्ली एक वाद हमखास निघतो: गुरूसमोर न बसता ध्वनिमुद्रण ऐकून शिकलेली बंदिश खरी मानावी का, आणि घराण्याची चीज, म्हणजे जपलेली बंदिश, मागेल त्याला द्यावी का. मी आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीतल्या एनिस गावात राहते आणि दर आठवड्याला एका पबमधल्या सेशनला, म्हणजे आयरिश पारंपरिक संगीताच्या अनौपचारिक बैठकीला, टिन व्हिसल ही छोटी धातूची बासरी घेऊन बसते. त्यामुळे या वादातली दोन्ही बाजूंची काळजी मला कळते, पण मूळ प्रश्न तिसराच आहे असे वाटू लागले आहे.

सेशनला व्यासपीठ नसते. फिडल (म्हणजे व्हायोलिन), लाकडी बासरी, कॉन्सर्टिना हे हातात धरायचे भात्याचे छोटे वाद्य वाजवणारे एका टेबलाभोवती बसतात, कुणीतरी जिग, म्हणजे नाचाची एक धून, सुरू करतो आणि ज्यांना ती येते ते त्यात मिसळतात. डबल जिग सहा मात्रांची, तीन-तीनच्या दोन गटांत चालणारी. आठ-आठ आवर्तनांचे बहुधा दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. दादरा ताल ठाऊक असलेल्याला हा हिशेब लगेच उमगतो, त्यातला झोका मात्र उमगत नाही.

माझी पहिली जिग होती ‘द केश’. सेशन संपल्यावर एका वयस्कर फिडलवादकाने ती माझ्यासाठी अगदी सावकाश वाजवली आणि मी मनात सरगम बांधत गेले: सा – – सारेग, रे – – रेगप, धपप सांपप. सुरुवात तर भूप रागाच्याच स्वरांची! स्वर अर्ध्या तासात बसले. तीनांतल्या पहिल्या स्वरावर किंचित रेंगाळून पुढे सरकण्याची ती लकब यायला दोन महिने लागले. त्यांनी माझा फोन स्वतःच टेबलावर ठेवून धून मुद्रित करू दिली आणि पुढच्या आठवड्यात विचारले, ‘आहे का तुझ्याकडे ती?’ धून ‘येते का’ असे नव्हे, ‘आहे का’. आपणही अमक्या बुवांकडे अमकी बंदिश आहे असेच म्हणतो. पण आपल्याकडे त्या ‘असण्यात’ बरेचदा राखून ठेवणे असते. माझ्या स्वतःच्या गुरूंच्या वहीतली एक चीज उतरवून घ्यायला मला वर्षभर थांबावे लागले होते.

छापील स्वरलिपीचे वावडे इथेही नाही. कॉर्कमध्ये जन्मलेले आणि शिकागोचे पोलीस प्रमुख झालेले फ्रान्सिस ओनील यांनी 1903 मध्ये 1850 धुनांचा संग्रह छापला. आपल्याकडे संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी उस्तादांच्या बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकांत आणल्या, तशाच तळमळीने. तो संग्रह आजही घरोघरी चाळला जातो, टेबलावर मात्र सहसा कुणी उघडत नाही. धून पुस्तकातून घ्या, फोनवरून घ्या किंवा शेजाऱ्याकडून, ती चार जणांच्या कानांसमोर तासली जातेच. नवख्याला मोकळे रान आहे असेही नाही: जी धून येत नाही ती चाचपडत वाजवू नये, ऐकावे, ही शिस्त सगळे पाळतात.

बत्तीस आवर्तनांची जिग आणि जन्मभराचा ख्याल यांची तुलना मी करत नाही. ख्यालाला गुरू लागतोच. पण असे टेबल आपल्याकडे कधी नव्हतेच, असेही नाही. आजोळी एकादशीच्या रात्री भजनी मंडळातले आजोबा टाळांची जोडी माझ्या हाती देत आणि चुकले तरी काढून घेत नसत. मग महोत्सव, स्पर्धा आणि अनुदानांवर एवढे बोलणारे आपण अशा साप्ताहिक बैठकीचा विषय का काढत नाही?

गेल्या महिन्यात मावसबहिणीने गुरूंच्या वहीतली ती चीज मागितली. गुरूंच्या मुलीची परवानगी घेऊन मी ती सावकाश गाऊन पाठवली. आठ दिवसांनी तिचा फोन आला, ‘ताई, बसली गं. आता म्हणू कुणाबरोबर?’