डॉक्टर ग्राहक कायद्यातून सुटले म्हणे!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: २०१९ च्या ग्राहक कायद्यातून डॉक्टरांना वगळलंय, त्यामुळे निदान चुकलं तरी भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. फाईल हॉस्पिटलची, ती मिळत नाही. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध बोलत नाही. भरती होताना तुम्ही संमतीपत्रावर सही केलेली असते. म्हणून थेट एफआयआर करा.

पहिलं विधान तर साफ खोटं आहे. आधीच्या मसुद्यात 'सेवा' या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख होता, अंतिम कायद्यात तो गळला. अफवेचं मूळ हेच. पण व्याख्येतली यादी केवळ उदाहरणादाखल आहे. यादीत नाही म्हणजे कायद्यात नाही, असा अर्थ निघत नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं होतं. नव्या कायद्यानंतर डॉक्टरांच्या एका संघटनेने हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. मुख्य अपवाद: जिथे सगळ्याच रुग्णांवर मोफत उपचार होतात ते रुग्णालय. तिथे दिवाणी दाव्याचा रस्ता उरतो.

फाईल मिळत नाही? डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची आणि भरती रुग्णाची नोंद ३ वर्षं जपायची. मागणी लेखी करा, पोच घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. निदानाच्या वादात नर्सच्या नोंदी आणि तापाचा तक्ता जास्त बोलतो, कारण कोणतं लक्षण किती वाजता डॉक्टरांसमोर होतं ते त्यातूनच कळतं.

साक्षीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. २०१० च्या एका निकालात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते आणि रुग्ण दगावली. जिल्हा ग्राहक मंचाने २ लाखांची भरपाई दिली, वरच्या आयोगांनी तज्ज्ञाचं मत नाही म्हणून ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, हे त्यात स्पष्ट झालं.

पण म्हणून निर्धास्त होऊ नका. इतकं उघड प्रकरण क्वचितच असतं, आणि खरी अडचण मेसेजमध्ये कुठेच नाही. निदान चुकणं आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच लक्षणं, तेच रिपोर्ट समोर असताना सर्वसाधारण सक्षम डॉक्टरने काय केलं असतं, हा पहिला प्रश्न. आणि वेळेत कळलं असतं तर परिणाम बदलला असता का, हा दुसरा. दुसऱ्यावर अनेक तक्रारी अडखळतात. म्हणून वकिलाआधी फाईल आणि सीटी-एक्सरेच्या फिल्म घेऊन त्याच विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, असं माझं मत. तो प्रत्येक वेळी तुमच्या बाजूने बोलेल असं नाही, आणि तेही लवकर कळलेलं बरं.

सहीबद्दल फार लिहायला नको. संमती उपचाराला आणि त्यातल्या धोक्यांना असते, हलगर्जीपणाला नाही.

राहिला एफआयआर. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. म्हणजे ज्या तज्ज्ञाला टाळायला पोलिसांकडे निघालात तोच तिथे दारात उभा! भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगच सोयीचा. वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे वेगळी तक्रार करता येते, मात्र तिथे पैसे मिळत नाहीत.

आयोगात जायची मुदत २ वर्षांची आहे. उशीर सबळ कारण दाखवल्यास माफ होऊ शकतो, पण पोलीस तपास चालू आहे म्हणून ती मुदत आपोआप वाढत नाही.