पोरका रिसेप्टर आणि मिऱ्याच्या खडपातली गोगलगाय

आमच्याकडे शिकून गेलेली एक मुलगी परवा मुलाखत देऊन आली, कॉलेजचं नाव नको. तीन वर्षं तिने इथे रत्नागिरीत मिऱ्याच्या खडपांवर ओहोटीच्या वेळा सांभाळत समुद्री गोगलगायी मोजल्या, एकदा पाय घसरून गुडघा फुटला तरी पुढच्या अमावास्येला परत हजर, आणि समितीतल्या साहेबांनी फाइल उघडायच्या आधी विचारलं काय, तर सायटेशन किती, म्हणजे तुझ्या पेपरचा हवाला दुसऱ्यांनी कितीदा दिला? ती म्हणाली तीन. झालं, पुढचा कॅन्डिडेट. रात्री फोनवर रडत होती, मला झोप नाही लागली, म्हणून लिहितेय.

तिचा विषय काय ते आधी सांगते. बोटीच्या बुडाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून पूर्वी टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग घातलेला रंग मारायचे. ते पाण्यात उतरलं की काही जातींच्या माद्यांना नराचं लिंग उगवतं. खरंच. शंख हलक्या हाताने फोडून भिंगाखाली धरला की उजव्या स्पर्शकामागे दिसतं, पांढुरकं, वाकडं, आणि त्याच जिवात मादीची अंड्यांची ग्रंथीही असते. प्रकार वाढला तर अंडी बाहेर यायची वाटच बुजते आणि मादी मरते. लिटरभर पाण्यात एक-दोन नॅनोग्रॅम टीबीटी पुरतं त्याला! १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हे आपल्याकडच्या एका जातीत नोंदवलं, तिचं नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाच्या नावाची गोगलगाय आहे हो, आणि आपल्यालाच माहीत नाही.

पण हे होतं कशामुळे? बरीच वर्षं लोकांना वाटायचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, वाढत असणार. उत्तर आलं भलतीकडून.

अमेरिकेत साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड इव्हान्स म्हणून मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट आहेत. हार्मोन पेशीत शिरलं की एक प्रोटीन त्याला धरतं आणि डीएनएवर बसून कुठलं जीन चालवायचं ते ठरवतं, तो रिसेप्टर. १९८५ मध्ये त्यांच्या लॅबने माणसातल्या कॉर्टिसोल या हार्मोनच्या रिसेप्टरचं जीन वेगळं काढलं, मग कळलं की हे मोठं खानदान आहे, माणसात असे ४८. त्यातल्या कित्येकांचं हार्मोनच माहीत नव्हतं, त्यांना ऑर्फन म्हणतात, आपल्या भाषेत पोरके. १९९० मध्ये याच लॅबमधून आलेला आरएक्सआर त्यातलाच. दोन वर्षांनी कळलं की अ जीवनसत्त्वापासून बनणारं एक रेटिनॉइक अॅसिड त्याला बसतं. त्या कामात गोगलगाय कुठेच नव्हती. आणि २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की टीबीटी जाऊन बसतं ते याच आरएक्सआरवर, नुसतं ते रेटिनॉइक अॅसिड मादीला टोचलं तरी तिला लिंग उगवतं. पंचवीसेक वर्षांचं कोडं त्या पोरक्या रिसेप्टरने सोडवलं.

इव्हान्स यांची सायटेशन लाखाच्या पुढे आहेत, आणि ती त्यांच्या कामाला शोभतातच, २००४ चं लास्कर अवॉर्ड, वैद्यकीय संशोधनातला मोठा पुरस्कार, उगाच नाही मिळालं. पण त्या आकड्यात गर्दी पण मोजलेली आहे हे कुणी बघतच नाही. कॅन्सर, डायबिटीस, लठ्ठपणा, सगळीकडे हे रिसेप्टर लागतात, तिथे हजारो लॅब आहेत, रोज पेपर निघतात, आणि प्रत्येकाला यांचं नाव लिहावंच लागतं. खडपातल्या गोगलगायीवर काम करणारे जगात असे कितीसे? आमच्या मुलीला तीन जणांनी सायट केलं म्हणजे तीन जणांनी तिचा पेपर खरंच वाचला असं मी धरते. एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून संशोधकाचं वजन ठरवणारा आकडा, शोधून काढणारे हिर्श स्वतः फिजिक्सवाले, त्यांनीही २००५ मध्येच लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या विषयांत हा आकडा वेगळा येतो. मग फिजिऑलॉजीवाला, मॉलिक्युलरवाला आणि खडपावर चालणारी मुलगी यांना एकाच तराजूत का घालता?

टीबीटीवर २००८ पासून जागतिक बंदी लागू आहे. पण बंदरातल्या गाळात ते वर्षानुवर्षं राहतं, म्हणून माद्या तपासत राहणं गरजेचं आहे आणि ते कुणीतरी ओहोटीला वाकून हातानेच करायचं असतं, दुसरा रस्ता नाही. मुलाखत घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, पुढच्या पोराला एवढं तरी विचारा की बाबा, तुला काय दिसलं?

येत्या अमावास्येला सकाळी सहाच्या सुमारास मोठी ओहोटी आहे. ती आणि मी मिऱ्याला जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या, चपला नको, ग्रिपवाले बूट घाला, भिंग मी आणते.